चारी उजव्या अंगाला

बिडकीन
२ जुलै २०२५

चि. दीपमालास वच्छलाआत्याचे अ. उ. आशीर्वाद वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाय. फोन का केला नाय म्हणशील, तर मला कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर लावावा लागतो आणि मग अख्खं घर ऐकतं. मेसेज करावा तर फोन दिवसभर सार्थकच्या हातात. आणि मला जे लिहायचंय ते ह्या घरात कुणाला कळता कामा नये, आमच्या दिरांना, आप्पासाहेबांना, तर नायच नाय.

आप्पासाहेबांच्या गुडघ्याची वाटी बदलल्यापासून ते घरीच असतात. नातवाचा, सार्थकचा, तो टीव्हीला लावायचा खेळ आहे ना, छोट्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा, तो आता त्यांनी काबीज केलाय. चहा झाला की रिमोट हातात. येईल त्याला शेजारी बसवतात, हरवतात, आणि समोरच्याची गाडी कडेवरून खाली गेली की तोच किस्सा काढतात. आमच्या वहिनीनं त्र्याऐंशी साली नवाकोरा ट्रॅक्टर पाईपलाईनच्या चारीत घातला, म्हणे तिचा हात लागला की गाडी खड्डाच शोधते. मग सगळे खो खो हसतात. काल तर दूध घालणारा माणूसही दारात उभा राहून हसला. आपल्याच दारात, बघ.

बेचाळीस वर्षं झाली ऐकतेय. प्रत्येक लग्नात, प्रत्येक जेवणावळीत. आमच्या ह्यांच्या तेराव्यालासुद्धा सांगितला. पाहुण्यारावळ्यांत माझं नावच चारीवाली वहिनी पडलंय. दिपे, तुझ्या बापालाही मी कधी सांगितलं नाय ते आज तुला सांगते. तो ट्रॅक्टर मी नाय घातला. आप्पासाहेबांनी घातला, आणि नाव माझ्यावर टाकून पळाले.

तुला असले खेळ येतात. मला शिकव. मंजुषा, म्हणजे त्यांची लेक, बाळंत होऊन इथंच आहे. सतरा ऑगस्टला बारसं आहे, सगळं गणगोत येणार. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत मला त्या माणसाला मातीत घालायचंय. मरायच्या आधी एकदा तरी.

पत्राचं उत्तर पत्रानंच दे. तब्येतीला जप, आणि ह्या म्हातारीला हसू नकोस.

तुझी
वच्छलाआत्या

छावणी
६ जुलै २०२५

ती. आत्यास दीपमालाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पाकीट पोस्टमननं लॅबमध्ये आणून दिलं तेव्हा सगळ्या जणी माझ्याभोवती गोळा झाल्या. त्यांना वाटलं स्थळ आलं. रक्ताच्या नळ्या तशाच सोडून मी जिन्यात जाऊन वाचलं. हसले नाही, शपथ. खरं तर माझं डोकंच सणकलं. आप्पासाहेब काकांनी तो किस्सा घरातल्या एका साखरपुड्यात सांगितला होता, आणि मीही हसले होते. त्याचं आता वाईट वाटतंय.

तर धडा पहिला. रिमोट दोन्ही हातांत, मांडीवर टेकवून धर. उजव्या अंगठ्याखाली चार बटणं आहेत. त्यातलं ए म्हणजे ॲक्सिलरेटर. ते दाबूनच ठेवायचं, टोचत बसायचं नाही. बी म्हणजे ब्रेक. डाव्या अंगठ्याखालची छोटी दांडी म्हणजे स्टेअरिंग. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली, वरच्या कडेला एक बटण लपलंय. वळणाच्या जराशा आधी ते दाबून धरलं की गाडी घसरत वळते आणि चाकांखाली निळ्या ठिणग्या उडतात. ठिणग्या दिसल्या की बटण सोड, गाडी सुसाट सुटते. आणि अंग वाकवून गाडी वळत नाही. सगळेच वाकतात, तूही वाकशील, पण काही उपयोग नाही.

आता एक काम कर. काका खेळत असताना त्यांच्या गाडीच्या मागच्या अंगाला एक पिवळी काडी उभी दिसते का बघ. दिसली तर समज की खेळानं त्यांचा हात धरलाय. ती सोय लहान पोरांसाठी असते. गाडी कडेला गेली की आपोआप आत ओढली जाते, कितीही वेडीवाकडी चालवा, पडतच नाही. सार्थकनं आजोबांना न सांगता लावून दिली असेल.

आणि ह्या खेळात स्वतःचा रस्तासुद्धा बांधता येतो, हवा तसा. ते पुढच्या पत्रात. पण आधी हे ठरव की तुला काकांना हरवायचंय का पाडायचंय.

मम्मी-पप्पा ठीक आहेत. तुझ्या हातच्या लोणच्याची बरणी संपली, हे सहज सांगितलं.

तुझीच
दीपमाला

बिडकीन
२० जुलै २०२५

चि. दीपमालास अ. उ. आशीर्वाद वि. वि.

काडी आहे! पिवळीधमक! बाई बाई बाई, मी चष्मा पुसून पुसून बघितली. वर तोंड करून सांगतात की माझी गाडी आजवर एकदाही पडली नाय, ड्रायव्हिंग रक्तात असावं लागतं म्हणे. मी पदरात तोंड घालून स्वयंपाकघरात पळाले.

माझा अभ्यास जोरात चालू आहे. दुपारी जेवून आप्पासाहेब घोरायला लागले की एक ते तीन माझे. सार्थक शाळेत, आप्पासाहेबांचा लेक शिवराज आणि सून मोनाली कामावर. मंजुषा बाळाला घेऊन आतल्या खोलीत निजते. टीव्हीचा आवाज बंद ठेवते, तसाही मला कुठं ऐकू येतो. पहिले तीन दिवस मी उलट्या दिशेनंच पळत होते आणि एक दाढीवाला ढगावर बसून मला परत आणून सोडत होता. अंगठा सुजला, त्याला बाम लावला. आप्पासाहेबांनी विचारलं काय झालं, तर शेंगा फोडल्या म्हणाले. आता निळ्या ठिणग्या निघतात. खोटं कशाला सांगू, लई मजा येते.

तू विचारलंस हरवायचं का पाडायचं. दोन्ही नाय. सगळी हकीकत सांगते म्हणजे तुला कळेल.

तेव्हा मी एकवीस वर्षांची, आप्पासाहेब वीसचे. आमचे हे चिकलठाण्याच्या कंपनीत होते, रविवारी घरी यायचे. ट्रॅक्टर नवा आला होता आणि आप्पासाहेब मला चोरून चालवायला शिकवायचे. व्हय, त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी मी विहिरीवरून घराकडं आणत होते. वळणावर गड्यांनी सकाळीच पाईपलाईनची चारी खणायला घेतली होती. रस्त्याची डावी बाजू खणून झाली होती, उजवीकडं सिमेंटचे पाईप रचलेले. मधून सावकाश निघालं असतं. तेवढ्यात सासऱ्यांच्या फटफटीचा आवाज आला. बाईला ट्रॅक्टरवर बघितलं तर दोघांची खैर नाय म्हणून आप्पासाहेबांनी मला बाजूला ढकललं, स्वतः बसले, घाईत रेस दिली आणि गेला ट्रॅक्टर चारीत. माझी हनुवटी फुटली. मी डोळे उघडले तर आप्पासाहेब उसातून पळालेले.

तिसऱ्या दिवशी लासूर स्टेशनच्या मामाकडून बाजार घेऊन आले. म्हणाले, मी तर त्या दिवशी सकाळीच निघालो होतो. तोवर चारी बुजवून झाली होती. मी ओरडून सांगितलं, पण सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला, माझ्या पोरावर आळ घेऊ नको म्हणाल्या. पुन्हा मला कुणी सायकललासुद्धा हात लावू दिला नाय.

तर मला तोच रस्ता बांधायचाय. विहीर, वळण, चारी, सगळं. मागच्या पानावर नकाशा काढलाय. कसा बांधायचा ते कळव. लोणचं शिवराजच्या हाती पाठवते.

तुझी
आत्या

छावणी
२५ जुलै २०२५

ती. आत्यास शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुझा नकाशा शेजारी ठेवला. आत्या, तू हे इतकी वर्षं पोटात कसं ठेवलंस गं?

रस्ता बांधणं सोपं आहे. पहिल्या पानावर पाना-हातोड्याचं चित्र आहे, त्यात जा. जमीन चौकटी-चौकटींची दिसेल, आपल्या गणिताच्या वहीसारखी. खाली तुकडे मांडलेले असतात. सरळ रस्ता, वळण, चढ, चिखल, झाडं, कुंपण, खड्डा. तुकडा उचलायला ए, फिरवायला वरची दोन्ही बटणं, खोडायला बी. बी दाबून धरू नकोस, सगळंच पुसलं जाईल. झाडं बेताची घाल, तुकडे मोजके मिळतात.

एक अट मात्र आहे. बांधणाऱ्यानं स्वतः तो रस्ता सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदाही न पडता चालवून दाखवल्याशिवाय खेळ तो दुसऱ्याला चालवू देत नाही. पिवळी काडी त्या वेळी चालत नाही. म्हणजे त्या वळणावरून आधी तुलाच जावं लागणार.

काकांची काडी काढायची कृती वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलीय, ती चोळीत लपव. पण खरं सांगू? नुसतं पाडून काय होणार? ते पडतील, सगळे हसतील, आणि काका म्हणतील की वहिनीच्या चारीनं मलाही सोडलं नाही. उलट तुझीच चारी पुन्हा गाजेल. त्यांच्या तोंडून निघायला हवं. ते कसं निघणार, मला तर सुचत नाही.

लोणचं पोचलं. मैत्रिणींनी निम्मं फस्त केलं.

तुझ्या बाजूची
दीपमाला

बिडकीन
९ ऑगस्ट २०२५

चि. दीपमालास अ. उ. आशीर्वाद वि. वि.

झालं! काल दुपारी पावणेतीनला झालं. रस्ता बांधायला आठ दिवस गेले. दोनदा बी दाबून धरलं आणि विहिरीसकट सगळं शेत गायब. पण बांधला. मग चालवायला बसले तर त्या वळणावर माझा अंगठा गारठायचा. एकोणसाठ वेळा पडले, भिंतीवर खडूच्या रेघा मारल्यात. मोनालीनं विचारलं तर दुधाचा हिशेब म्हणाले. साठाव्या वेळी मी मनात म्हटलं, वच्छे, आज मागं कुणाची फटफटी नाय, कुणी ढकलणारं नाय, तू सावकाश जा. आणि गेले गं. चारीच्या कडेकडेनं गेले आणि सरळ घराच्या दारात. रडले. एकटीच टीव्हीसमोर बसून रडले.

तुझी शंका बरोबर होती, त्यावर मी लई विचार केला. ह्या माणसाला मी बेचाळीस वर्षं वाढतेय, त्याची खोड मला ठाऊक आहे. त्याला चूक सहन होत नाय. लग्नाची पत्रिका आली की लाल पेनानं शुद्धलेखन सुधारून पाहुण्याला परत पाठवतो. कीर्तनात बुवांना मध्येच थांबवून ओवी दुरुस्त करतो. जेवताना घास तोंडात असला तरी दुसऱ्याची चूक आधी.

म्हणून मी चारी मुद्दाम चुकीच्या बाजूला घातलीय. खरी डावीकडं होती, मी उजव्या अंगाला घातली. पाईप घातलेच नाय. घर, विहीर, ऊस, चिंच, बाकी सगळं तंतोतंत. आता बघू पोटात किती वेळ राहतं ते.

रस्त्याला नाव काय द्यायचं, असं खेळानं विचारलं. ते मी रिकामं ठेवलंय, बारशानंतर भरीन. तुला सुट्टी मिळत नाय म्हणतेस, तर सगळं लिहून कळवीन. देवापुढं एक वात जास्त लाव.

तुझी
आत्या

बिडकीन
१९ ऑगस्ट २०२५

चि. दीपमालास तिच्या आत्याचे पोटभरून आशीर्वाद वि. वि.

बस, पाणी पी, मग वाच.

बाळाचं नाव अन्वी ठेवलं. पाळणे म्हणून झाले, जेवणं उरकली आणि ठरल्याप्रमाणं आप्पासाहेबांनी रिमोट मागवला. पंचवीस-तीस माणसं होती. मी म्हणाले, भाऊजी, आज माझा रस्ता चालवा, मी बांधलाय. सगळे हसले. काडी मी सकाळीच काढून ठेवली होती.

रस्ता पडद्यावर आला तसे ओळखून चमकले. अरे, ही तर आपली विहीर, म्हणाले. मग वळण आलं आणि गाडी धाडकन चारीत. लोकांनी टाळ्या पिटल्या. तेही हसले, आणि तू म्हणाली होतीस अगदी तेच म्हणाले, की वहिनींची चारी कुणालाच सोडत नाय. दुसऱ्यांदा पडले. तिसऱ्यांदा पडले. सार्थक म्हणाला, आजोबा, तुम्ही तर कधीच पडत नव्हता. तेव्हा मात्र चेहरा लाल झाला.

चौथ्यांदा पडल्यावर रिमोट मांडीवर आपटला आणि माझ्यावर ओरडले, की रस्ताच चुकीचा बांधलाय. चारी उजव्या अंगाला नव्हतीच, डाव्या अंगाला होती. मी म्हणाले, नाय हो, मला उजवीकडंच आठवतेय. झालं, तिथंच फसले. दोन्ही हात पुढं करून दाखवायला लागले, की उजवीकडं सिमेंटचे पाईप रचलेले होते, एकावर एक तीन, वरच्याला लाल फडकं बांधलेलं. ते पाईप वाचवायला म्हणून तर मी डावीकडं घेतला आणि पुढचं चाक गेलं.

बोलून गेले आणि तोंड उघडंच राहिलं. मंजुषानं बाळाला खांद्यावर टाकलं आणि शांतपणे विचारलं, की आबा, तुम्ही तर त्या दिवशी लासूरला होता ना.

शिवराज खाली बघत होता. मोनाली माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिनं माझा हात धरला. मी उठले, रिमोट घेतला आणि सगळ्यांसमोर एकेक अक्षर शोधून त्या रस्त्याला नाव दिलं, आप्पासाहेबांची चारी. मग सार्थकला म्हणाले, जगात कुणालाही चालवता येईल असं कर. त्यानं बटण दाबलं.

दिपे, मला वाटलं होतं नंतर वाईट वाटेल. नाय वाटलं. दोन पुरणपोळ्या जास्तीच्या खाल्ल्या. दोन दिवस झाले, मी त्या माणसाशी एक शब्द बोललेली नाय. ताट वाढते आणि निघून जाते.

तुझी विजयी
आत्या

लासूर स्टेशन
२ सप्टेंबर २०२५

ती. वच्छलावहिनींस आप्पासाहेबाचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मंजुषा व बाळ येथे सासरी सुखरूप पोचले. मी पंधरा दिवस मुक्कामास राहणार आहे. समोर बसून बोलणे आपण बंद केले, म्हणून लिहितो.

चूक माझी, कबूल. वीस वर्षांचा होतो, वडिलांच्या काठीला भ्यालो. एकदा खोटे बोललो, ते लोकांना आवडले. सांगता सांगता मलाच खरे वाटू लागले. त्याची शिक्षा भर बारशात मिळाली. आता सार्थकच्या शाळेतली पोरे तो रस्ता चालवतात व माझे नाव घेऊन ओरडतात. येथे जावईसुद्धा मला बघून हसू दाबतात. माझ्या इज्जतीचा विचार करून ते नाव काढावे, ही हात जोडून विनंती.

परंतु वहिनी, तुम्ही मला सगळ्यांपुढे उघडे पाडलेत, तेव्हा हेही ऐकाच. मी एकटा नव्हतो. त्याच वर्षी पोळ्याच्या दिवशी मी दादाला सगळे खरे सांगितले होते. दादा म्हणाला, बाबांना कळले तर तुला घराबाहेर काढतील, झाले ते झाले, ती बाईमाणूस आहे, तिला कोण घराबाहेर काढतंय. पुढे पस्तीस वर्षे मी किस्सा सांगायचो आणि दादा माझ्या शेजारी बसून हसायचा. ते तुम्ही पाहिलेच आहे.

अधिक काय लिहू. दादाच्या तिथीच्या, पितृपक्षातल्या दशमीच्या, आदल्या दिवशी येतो. राग ठेवा, पण अबोला सोडा.

आपला
आप्पासाहेब

बिडकीन
१७ सप्टेंबर २०२५

चि. दीपमालास अ. उ. आशीर्वाद वि. वि.

सोबत आप्पासाहेबांचं पत्र जोडलंय. आधी ते वाच.

वाचलंस? मी वाचलं आणि उंबऱ्यावरच बसले. दीर खोटारडा आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण हे? मी ह्यांना तेव्हा एकांतात विचारलं होतं, की जगाचं जाऊ द्या, तुम्हाला तरी माझं खरं वाटतं ना. तर म्हणाले होते, खरं असो खोटं असो, विषय वाढवू नको. मला वाटलं भोळा माणूस आहे, भावावर जीव आहे. आणि हा माणूस जाणून बुजून पस्तीस वर्षं माझ्या हातचं खात माझ्यावरच हसत होता. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी सहा महिने उशाशी बसले. तेव्हाही दोघं एकटेच होतो. बोलायला काय जात होतं? आप्पासाहेबांवर सूड उगवता आला, पण हा दुसरा फोटोत जाऊन बसला. त्याला कुठं गाठू?

काल दशमी होती, ह्यांची तिथी. आम्हाला मूलबाळ नाय, त्यामुळं विधी आप्पासाहेब करतात आणि पितराचं पान मी रांधते. सात वर्षं पहाटे उठून सोवळ्यानं रांधलंय. ह्या वर्षी मी मोनालीला आदल्या दिवशीच सांगितलं, तूही चुलीला हात लावायचा नाय. ती घाबरली, मग दादांचं पान कोण रांधणार विचारायला लागली. मी आप्पासाहेबांकडं बोट दाखवलं. दोघांनी मिळून गुपित सांभाळलं ना, मग आता एकानं दुसऱ्याला रांधून वाढावं.

बेचाळीस वर्षांत ज्यानं पाण्याचा पेला स्वतः घेतला नाय, तो माणूस नव्या गुडघ्यानं पहाटे चारपासून चुलीपुढं. कढी फाटली, वडे आतून कच्चे, अळू नीट न शिजल्यानं सगळ्यांचे घसे खाजले. मी खुर्ची टाकून समोर बसले होते. मीठ कुठं आहे विचारलं, तेवढं सांगितलं. रस्त्याचं नाव काढायचं पुन्हा बोलले नायत, आणि मी काढणारही नाय.

पान वाढायच्या आधी मी भावकीसमोर सांगायला लावलं. उभं राहून सांगितलं त्यांनी, की ट्रॅक्टर मी चारीत घातला, नाव वहिनींवर टाकलं, आणि दादाला ते माहीत होतं. शेवटचं वाक्य सांगताना रडले. भावकीतली भागूबाई जाऊ मला कुजबुजत म्हणाली, की गेलेल्या माणसाचं कशाला काढायचं. मी मोठ्यानं म्हणाले, की तोंडावर काढायची संधी त्यांनी मला दिली नाय.

मग पान मांडलं, फोटोला हार घातला, एकेक जण पाया पडून बाजूला झाला. शेवटी मी राहिले. आप्पासाहेब हळूच म्हणाले, वहिनी, दादाला हात जोडा. मी त्या फोटोकडं लई वेळ बघितलं. हसराच फोटो आहे, तूही बघितलायस. नाय जोडले हात. मागं फिरले आणि माझं ताट वाढून घेतलं.

पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. तू दिवाळीला ये, आल्यावर बोलू, आणि ह्या कडू आत्यावर आहे तेवढी माया ठेव.

तुझी
वच्छलाआत्या